डासाच्या मेंदूचा ताबा आणि ताप उतरलेला रुग्ण

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत हिवतापाचा परजीवी डासाच्या मेंदूचा ताबा घेतो आणि त्याला माणसाच्या मागावर सोडतो, अशा आशयाचा लेख वाचला. माझी सारी नोकरी हिवताप विभागात कीटक समाहारक म्हणून झाली आणि त्यातली बरीच वर्षे गडचिरोली जिल्ह्यात गेली. त्यामुळे पावसाळ्यात चार ओळींच्या बातमीपलीकडे जाऊन हिवतापाविषयी कोणी इतके लिहिले, याचा मनापासून आनंद झाला. मात्र लेखाने ज्या गोष्टीवर सगळा भर दिला ती अजून वादात आहे, आणि जिचा पुरावा त्याहून भक्कम आहे व आपल्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णांशी जिचा थेट संबंध आहे, तिचा, म्हणजे रक्तात परजीवी असलेल्या माणसाकडेच डास अधिक ओढले जातात याचा, लेखात उल्लेखही नाही. पत्र लांबणार याची कल्पना आहे, तरी ते पूर्ण छापावे अशी विनंती करतो.

आमचे काम उजाडायच्या आत सुरू होत असे. गोठ्याच्या भिंतीवर आणि घराच्या आढ्याला रक्त पिऊन सुस्त बसलेले डास बॅटरीच्या उजेडात शोधायचे आणि तोंडाने हवा ओढायच्या काचेच्या नळीत एकेक करून घ्यायचे. दुपारी टेबलावर बसून त्यांची चिरफाड करायची. बेशुद्ध केलेल्या मादीचे पंख आणि पाय काढून तिला काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचे, एका सुईने छाती दाबून धरायची आणि दुसऱ्या सुईने डोके अगदी हलक्या हाताने ओढायचे. हात साधला तर डोक्यामागून लाळग्रंथी अखंड बाहेर येतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांसारख्या, काचेसारख्या पारदर्शक असतात त्या. वरून पातळ काच ठेवून दाब दिला की त्या फुटतात, आणि डास बाधित असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, किंचित वाकलेल्या धाग्यांचा पुंजकाच्या पुंजका बाहेर सांडतो. ते स्पोरोझॉइट. माणसाला हिवताप होतो तो त्यांच्यामुळे. शेकडो डास उघडावेत तेव्हा कुठे एखाद्याच्या ग्रंथीत ते दिसत. पहिल्यांदा दिसले त्या दिवशी मी ती काचपट्टी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून दाखवली होती, आणि ‘हा डास काल रात्री कोणाच्या घरात होता?’ हा एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता.

लेखातल्या दाव्याचा अर्थ नीट लागायचा तर त्या धाग्यांचा प्रवास लक्षात घ्यावा लागतो. हिवतापाच्या रुग्णाला चावणाऱ्या मादीच्या पोटात रक्ताबरोबर परजीवीची नर आणि मादी रूपे जातात; त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात. त्यांचे मीलन झाल्यावर डासाच्या पोटाच्या भिंतीवर फोडांसारख्या गाठी येतात, त्या ओसिस्ट. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटावर काळ्या रंगकणांच्या ज्या पेशी पाहिल्या आणि ज्यांच्यामुळे डासाचा गुन्हा उघड झाला, त्या याच गाठी. एकेका गाठीत हजारो स्पोरोझॉइट तयार होतात, गाठ फुटली की ते अंगभर पसरून लाळग्रंथीत शिरतात, आणि तिथून पुढच्या चाव्यात माणसाच्या कातडीत उतरतात. रुग्णाचे रक्त प्यायल्यापासून इथवर पोचायला हवेच्या उष्णतेनुसार साधारण दहा ते चौदा दिवस लागतात.

डासाच्या आयुष्याच्या मानाने हा काळ फार मोठा आहे. रोज शंभरातले दहा डास मरतात असे धरले तर बारा दिवसांनी शंभरातले अठ्ठावीस उरतात. रोज वीस मरत असतील तर सातच उरतात. मादीला अंडी घालण्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी रक्त लागते आणि रक्त पिण्याची प्रत्येक वेळ तिच्या जिवावरची असते, कारण ज्याला चावायचे त्याचा हात तिच्यावर पडू शकतो. म्हणून गाठी पिकत असताना मादीने उगाच धोका न पत्करणे परजीवीच्या फायद्याचे, आणि एकदा स्पोरोझॉइट लाळग्रंथीत पोचले की तिने जितक्या जास्त जणांना चावावे तितके ते त्याच्या फायद्याचे. परजीवी डासाची वागणूक बदलत असेल तर बदल या दोन टप्प्यांत उलटसुलट दिसायला हवा, हा विचार त्यातूनच आला.

आणि तसा बदल दिसलाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ॲनोफिलीस स्टीफेन्सी या जातीच्या डासांना उंदरांच्या हिवतापाची बाधा करून, चावताना वारंवार अडवल्यावर ते किती चिकाटीने परत येतात हे मोजले होते. पोटावर गाठी असताना बाधित डास निरोगी डासांपेक्षा लवकर माघार घेत; लाळग्रंथीत स्पोरोझॉइट आल्यावर मात्र तेच डास अधिक चिवटपणे परत येत. (ही डासाची जात आपल्या मातीतली आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले ते वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या डासांवरून. शहरांतल्या पाण्याच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढणारी हीच ती जात. २०१२ मध्ये ती आफ्रिकेत जिबुती इथे आढळली आणि तेव्हापासून तिथल्या शहरांना तिची धास्ती आहे.)

प्रयोगशाळेतला उंदरांचा हिवताप म्हणजे माणसांचा हिवताप नव्हे, ही शंका कोणीही घेईल. म्हणून त्याच्या एक वर्ष आधीचे टांझानियातले काम मला अधिक मोलाचे वाटते. तिथे घरांतून पकडलेल्या ॲनोफिलीस गॅम्बी डासांच्या पोटातल्या रक्ताचा डीएनए तपासून, एकाच रात्री त्या डासाने एका माणसाचे रक्त प्यायले की अनेकांचे, हे शोधून काढले. ज्यांच्या लाळग्रंथीत स्पोरोझॉइट होते अशा डासांपैकी २२ टक्क्यांच्या पोटात एकाहून अधिक माणसांचे रक्त निघाले. बाकीच्यांत हे प्रमाण १० टक्के होते. म्हणजे हे अंतर दुपटीहून अधिक, आणि तेही खऱ्या घरांत, खऱ्या डासांत आणि माणसांना मारणाऱ्या फाल्सिपेरम परजीवीच्या बाबतीत.

यासाठी परजीवीला डासाच्या मेंदूपर्यंत जाण्याचीही गरज नसावी. आपल्या शरीरात रक्त गोठायला लागले की डासाची सोंड अडते, म्हणून त्याच्या लाळेत एपायरेज नावाचे एक विकर (एन्झाइम) असते आणि ते रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेटना) एकमेकींना चिकटू देत नाही. १९८४ साली कोंबड्यांच्या हिवतापावर झालेल्या प्रयोगात बाधित एडिस डासांच्या लाळेतली या विकराची क्रिया सुमारे एक तृतीयांशावर आलेली आढळली, आणि अशा डासांना रक्तवाहिनी सापडायला बराच अधिक वेळ लागला. ज्याला एका जागी पोटभर मिळत नाही तो दहा ठिकाणी तोंड घालणार. नादुरुस्त ग्रंथीमुळे उपाशी राहिलेला डास अनेकांना चावतो, यात कोणाच्या मेंदूचा ताबा कोणी घेतलेला नाही. तो प्रयोग वेगळ्या डासावर आणि वेगळ्या परजीवीवर झाला असल्याने माणसांच्या हिवतापाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण ‘मेंदूचा ताबा’ या शब्दांनी वाचकाची जी समजूत होते तिच्यापेक्षा खरी गोष्ट किती साधी असू शकते, हे त्यातून कळते.

पुढे २०१३ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि त्यांचा सूर परस्परविरोधी आहे. एकात स्पोरोझॉइट असलेले गॅम्बी डास माणसाने वापरलेल्या नायलॉनच्या मोज्याच्या वासाकडे निरोगी डासांच्या जवळपास तिप्पट वेळा उतरताना दिसले. लेखाने हाच अभ्यास उचलला असावा. दुसरा अभ्यास स्टीफेन्सीवरचा. त्यात संशोधकांनी डासांना हिवतापाचा परजीवी दिलाच नाही. उष्णतेने मारलेले ई-कोलाय जीवाणू टोचले. तरीही डासांच्या वागणुकीत तसाच बदल झाला: आधी चावण्याची आच कमी, नंतर अधिक. मेलेला जीवाणू कोणाला ताब्यात घेत नाही. म्हणजे बदल घडवणारी डासाची स्वतःची प्रतिकारशक्ती असू शकते. बाधेशी झुंजताना त्याची भूक आधी मंदावते आणि नंतर वाढते, आणि परजीवीला त्याचा आयताच लाभ होतो. २०१५ साली बुर्किना फासोमध्ये तिथल्याच रुग्णांच्या रक्तातले फाल्सिपेरम आणि तिथलेच कोलुझी जातीचे डास घेऊन प्रयोग झाला, तेव्हा माणसाचा माग काढण्याच्या वागणुकीत बाधित आणि निरोगी डासांत फरक आढळला नाही. ज्या जोडीचा निसर्गात रोजचा संबंध आहे तिच्यातच परिणाम दिसत नसेल, तर सरसकट विधान करताना हात आखडता घ्यायला हवा.

आपल्याकडे तर तो अधिकच आखडता घ्यावा लागेल. भारताच्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारी मुख्य जात क्युलिसिफेसीस. तिचा ओढा माणसापेक्षा गुराढोरांकडे. आमची पहाटेची फेरी गोठ्यापासून सुरू होई ती याचमुळे. मुख्यतः माणसाच्याच रक्तावर जगणाऱ्या आफ्रिकेतल्या गॅम्बी डासांचे आकडे या डासाला लावून आपल्या गावांबद्दल निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

तरीही मी हा विषय सोडून द्या असे म्हणत नाही. कारण परजीवीने घडवला असो की डासाच्या शरीराने, बदल खरा असेल तर त्याची किंमत माणसेच मोजतात. हिवतापाच्या फैलावाचे गणित प्रथम रॉस यांनीच मांडले, आणि त्या गणितात डासाच्या चावण्याचा दर दोनदा येतो: एकदा डासाला बाधा होण्यासाठी आणि एकदा ती माणसाला देण्यासाठी. साध्या हिशेबात दोन्ही वेळी दर सारखाच धरतात. बाधा झालेला डास प्रत्यक्षात अधिक जणांना चावत असेल तर तो हिशेब धोका कमी दाखवतो. आणि अनेकांना चावणे म्हणजे बहुधा एकाच घरातल्या, एकाच चटईवर झोपलेल्या अनेकांना चावणे. एका घरात एक रुग्ण सापडला की घरातल्या आणि आसपासच्या सगळ्यांचे रक्तनमुने घ्यायचे, ही आमच्या विभागाची जुनी पद्धत. तिचा लोकांना त्रास वाटतो, ‘ताप नसताना सुई कशाला’ असे आजही म्हणतात. त्यांना टांझानियाच्या डासाची गोष्ट सांगितली तर पटेल, असा माझा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीचा लेखात उल्लेख नाही तिच्याकडे येतो. परजीवीचा प्रभाव डासाच्या शरीरात शिरल्यावर सुरू होतो असे लेखक गृहीत धरतात. पण निरोगी डासाची वागणूकही तो दुरून बदलतो, आणि ती आपल्या, माणसाच्या शरीरातून. पश्चिम केनियात झालेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत अतिशय विचारपूर्वक आखलेला होता. दर वेळी तीन मुले तीन वेगवेगळ्या तंबूंत झोपवली: एक हिवताप नसलेले, एक ज्याच्या रक्तात परजीवी आहे पण डासाला बाधा करणारे गॅमेटोसाइट नाहीत असे, आणि तिसरे गॅमेटोसाइट असलेले. तिन्ही तंबूंतली हवा मधल्या एका कक्षात आणून तिथे निरोगी डास सोडले. त्यांना मुलांपर्यंत पोचता येणार नाही अशी व्यवस्था होती. कोणत्या वासाकडे ते जातात एवढेच मोजायचे होते. अशा बारा तुकड्यांचे निष्कर्ष एकत्र पाहिले तेव्हा गॅमेटोसाइट असलेल्या मुलांकडे इतर दोघांच्या सुमारे दुप्पट डास गेले होते. काही मुलांच्या अंगाला मुळातच डास अधिक लागतात, त्यामुळे शंकेला जागा होती. म्हणून त्याच मुलांना औषध देऊन, रक्तातला परजीवी गेल्यावर, प्रयोग पुन्हा केला. या वेळी तो फरक उरला नाही.

हा ‘पुन्हा केला’ मला फार महत्त्वाचा वाटतो. मूल तेच, तंबू तसेच आणि डासही त्याच जातीचे. गेला तो फक्त परजीवी, आणि त्याच्याबरोबर डासांची ओढही गेली. त्यानंतर २०१७ मध्ये केनियातच वापरलेले मोजे घेऊन केलेल्या प्रयोगात असाच निष्कर्ष आला. त्याच वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांनी परजीवी तयार करतो तो एक रेणू दाखवून दिला. त्याच्या प्रभावाखाली माणसाच्या लाल रक्तपेशी कार्बन डायऑक्साइड आणि डासाला आवडणारी काही गंधद्रव्ये अधिक प्रमाणात सोडतात. २०१८ मध्ये बाधित मुलांच्या अंगाच्या वासात हेप्टॅनाल, ऑक्टॅनाल आणि नोनॅनाल ही द्रव्ये वाढलेली आढळली. माणसाच्या नाकाला हा फरक सहसा कळत नाही. डासाला कळते.

ज्या मुलाच्या रक्तात गॅमेटोसाइट आहेत ते पुष्कळदा आजारी दिसतच नाही, आणि खरी अडचण इथे आहे. फाल्सिपेरमचे गॅमेटोसाइट रक्तात दिसू लागतात ते ताप सुरू झाल्यानंतर दहाएक दिवसांनी. ताप सुरू झाला की आपण दवाखान्यात जातो. तिथल्या गोळ्यांनी ताप उतरतो, मूल खेळायला लागते, आईचा जीव भांड्यात पडतो. पण केळीच्या आकाराचे ते पक्व गॅमेटोसाइट ताप उतरवणाऱ्या बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत आणि पुढे कित्येक दिवस रक्तात फिरत राहतात. म्हणजे ज्या दिवसांत घरचे लोक मुलाला बरे समजतात, नेमके त्याच दिवसांत त्याच्याकडे डास अधिक येण्याची आणि बाधा घेऊन जाण्याची शक्यता असते. मी अशा मुलांच्या काचपट्ट्या पाहिल्या आहेत. वीस-पंचवीस केळी एकाच पट्टीवर, आणि मूल बाहेर अंगणात विटीदांडू खेळते आहे.

यासाठीच फाल्सिपेरमच्या रुग्णाला बाकीच्या औषधांबरोबर प्रायमाक्विनची एक मात्रा देतात. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीच्या रुग्णाला तेच औषध चौदा दिवस द्यावे लागते, त्याचे कारण वेगळे: यकृतात दडून बसलेला परजीवी महिन्यांनी पुन्हा उठू नये म्हणून. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांना ते देत नाहीत आणि काहींच्या रक्तात जन्मजात दोष असल्याने त्यांना ते सोसत नाही, म्हणून ते मनाने घ्यायचे औषध नव्हे. पण ज्यांना दिले आहे त्यांनी ते पूर्ण घेतले पाहिजे. माझ्या नोकरीत सर्वांत जास्त खंत वाटायला लावणारी गोष्ट कोणती असे विचाराल, तर फवारणीला दार न उघडणारे घर किंवा मासे पकडायला नेलेली मच्छरदाणी असे मी सांगणार नाही. घराच्या कोनाड्यात, कागदात बांधून, तशीच राहिलेली प्रायमाक्विनच्या गोळ्यांची पुडी असे सांगेन. ‘ताप गेला, मग कशाला’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा सूरही पाठ झाला. दोष त्या माणसाचा नसतो. ताप गेल्यावरही औषध का, हे त्याला कोणी पटेल अशा भाषेत सांगितलेले नसते.

आपल्या लेखकाच्या हातात ती भाषा आहे, म्हणून हे सारे लिहिले. परजीवी डासाला वेडे करतो हे वाचून वाचक थक्क होतो, आणि जे डासाच्या मेंदूत घडते त्यावर आपला काहीच इलाज नाही असे समजून पान उलटतो. ताप उतरलेले आपले मूल डासांना दुप्पट बोलावत असेल आणि औषध पूर्ण दिल्यावर ते बोलावणे थांबते, हे वाचून तो उठून कोनाड्यातली पुडी शोधेल. भारताने २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे ठरवले आहे. रुग्ण कमी होत जातात तसतसे उरलेले रुग्ण शोधणे अवघड होत जाते, कारण ते तापाने फणफणलेले नसतात. ते हिंडतेफिरते असतात. रक्ततपासणीला ‘नाही’ म्हणणाऱ्या घरांची समजूत घालण्याचे काम आशाताई आणि आरोग्यसेवक करतात, आणि एकेका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, त्यासाठी पायी जातात. त्यांच्या पिशवीत आपल्या वर्तमानपत्राचे एक कात्रण असले तर त्यांचे काम थोडे हलके होईल.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, या लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात केनियातल्या त्या तीन तंबूंची गोष्ट सविस्तर द्यावी, औषधापूर्वीची आणि औषधानंतरची, दोन्ही. आणि सोबत फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स यांच्या प्रायमाक्विनच्या मात्रांतला फरक एखाद्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घेऊन ठळक चौकटीत छापावा. ती चौकट जुलै संपायच्या आत आली तर बरे. आमच्या भागात पावसाळ्यातले डास तेव्हापासून वाढू लागतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कीटक समाहारक
जि. गडचिरोली